दुधातली साय: किती आणि कोणती?

पत्र: नमस्कार. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे आणि पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. जन्मली तेव्हा २.८ किलो होती, आता ६.४ किलो आहे. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं आहे, म्हणून पंपानं दूध काढून साठवायला सुरुवात केली. बाटलीत ते निळसर, पाण्यासारखं दिसतं आणि रात्रभर ठेवलं तरी वर नखभरच साय धरते. सासूबाई म्हणतात, ‘दुधात कस नाही, तूप वाढव, नाहीतर वरचं सुरू कर.’ त्यातच न्यू जर्सीला असलेल्या माझ्या नणंदेनं तिथं स्वतःचं दूध तपासून घेतलं आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात लॉरिक, पामिटिक, ओलेइक असे वीस-पंचवीस आकडे आहेत. डीएचए ०.५ टक्के, हिरव्या रंगात. लिनोलेइक २२ टक्के, लाल रंगात. ती मासे खाते. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. मग माझ्या दुधात डीएचए नसेलच का? मीही दूध तपासून घेऊ का? गोळ्या घेऊ का? आणखी एक, फ्रीझरमधल्या दुधाला साबणासारखा वास येतो. ते खराब झालं का? — एक आई, सांगली

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातले आकडे मी तुमच्या क्रमानं वाचले नाहीत, आधी वजन बघितलं. २.८ ची मुलगी ६.४ वर गेली, म्हणजे वजन दुप्पट होऊन वर आणखी आठशे ग्रॅम. या काळात तिच्या पोटात तुमच्या दुधाखेरीज काही गेलेलं नाही. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा त्यातल्या स्निग्धांशातून येते. दुधात कस नसता तर वजनकाटा इथवर आलाच नसता. सासूबाईंना बाटली दाखवू नका, माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा आलेख दाखवा. त्या तुमच्या वाईटावर आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या पिढीत दूध बाटलीत काढून कुणी उजेडात धरलेलंच नव्हतं. म्हशीच्या दुधाची जाड साय बघायची सवय असलेल्या डोळ्यांना आईचं दूध पाणचट वाटणारच.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात सध्या दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. दुधात स्निग्धांश किती, हा सासूबाईंचा प्रश्न. तो स्निग्धांश कोणत्या प्रकारचा, हा नणंदेच्या रिपोर्टचा प्रश्न. दोन्हींची उत्तरं वेगळ्या ठिकाणी सापडतात, आणि पहिल्याचं उत्तर ताटात नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथं प्राध्यापक पीटर हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली नेमकं हेच तपासलं. दुधातला स्निग्धांश कमी-जास्त होतो तो स्तन किती रिकामा झाला आहे त्यावर, असं त्यांना आढळलं. भरलेल्या स्तनातून आधी येणारं दूध पातळ असतं. जसजसा स्तन रिकामा होतो तसतसा स्निग्धांश चढत जातो आणि शेवटचं दूध सुरुवातीच्या दोन-तीन पट स्निग्ध असू शकतं. पण स्निग्धांश वाढला तरी त्यातल्या मेदाम्लांची, म्हणजे तुमच्या नणंदेच्या रिपोर्टमधल्या लॉरिक, पामिटिकसारख्या मेदाच्या घटकांची, आपसातली टक्केवारी तीच राहते. एकाच वेळच्या पहिल्या आणि शेवटच्या धारेत साय कमी-जास्त असेल, पण जातीनं ती एकच.

असं का होतं? दुधातला स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोलकाभोवती पातळ पटल असतं. स्तन भरलेला असताना पाणीदार भाग आधी वाहून येतो, गोलक मागे भिंतींना रेंगाळतात. पान्हा फुटत जातो, दूध पुढे ढकललं जातं, तसे ते निघतात. म्हणून तुम्हाला विचारते, पंप कधी लावता? तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज असा की सकाळी, मुलगी उठायच्या आधी, रात्रभर भरलेल्या स्तनातून पहिलं ऐंशी-शंभर मिली काढत असाल आणि उरलेलं तिच्यासाठी ठेवत असाल. बहुतेक जणी असंच करतात आणि त्यात काही चूक नाही. फक्त बाटलीत जातं ते सगळ्यात पातळ दूध, आणि मुलीला मिळतं ते घट्ट. तुम्ही तुलना करताय ती तिच्या वाट्याला न आलेल्या दुधाशी.

एकदा गंमत म्हणून उलट करून बघा. मुलीला एका बाजूला पोटभर पाजा, ती आपणहून सोडेल तेव्हा त्याच बाजूला पंप लावा. निघेल जेमतेम वीस-तीस मिली. ते वेगळ्या बाटलीत घेऊन सकाळच्या बाटलीशेजारी फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच तासांनी दोन्ही खिडकीपाशी धरा. एकीत तळापासून निळसर पाणी आणि वर चतकोर साय, दुसरी पिवळसर आणि वरचा थर कितीतरी जाड. दोन्ही दूध तुमचंच, एकाच दिवसाचं, एकाच ताटातलं. सासूबाईंनाही बोलवा बघायला. माझ्या समजावण्यापेक्षा त्या दोन बाटल्या जास्त कामाला येतील.

अगदी कमी वजनाच्या बाळांचं वजन वाढत नसेल तर नवजात विभागात हीच गोष्ट उपयोगात आणतात. आईला पहिलं दूध वेगळं काढायला सांगतात आणि बाळाला नळीनं नंतरचं दूध देतात. तुमच्या मुलीला तशी काही गरज नाही. तिला एका बाजूला मनसोक्त पिऊ द्या, घड्याळ लावून दहा मिनिटांत बाजू बदलू नका, एवढं पुरे.

आणि तूप? चमचाभर तूप भातावर घ्या, लाडवात आहे ते खा. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, मार्गदर्शन आहे, तेव्हा भूक लागते ती खरीच असते. पण तूप वाढवल्यानं दुधातली साय वाढेल, हा हिशेब जुळत नाही. तुपातला बराचसा संपृक्त मेद दुधाच्या जातीवर थोडाफार परिणाम करतो, प्रमाणावर जवळजवळ नाही. गाईच्या तुपात जे ब्युटिरिक आम्ल असतं, ज्याचं हल्ली फार कौतुक ऐकू येतं, ते तर आईच्या दुधात नसल्यातच जमा. इतकी छोटी मेदाम्लं आतड्यातून थेट यकृतात जातात आणि तिथंच जळतात. वाटीभर तूप प्यायलेल्या बाळंतिणीचं फक्त वजन वाढतं.

आता नणंदेच्या रिपोर्टकडे वळू. मला तो खरोखर मनोरंजक वाटतो, फक्त त्यानं जी धास्ती घातली तिला अर्थ नाही.

दुधातला जवळजवळ सगळा, म्हणजे साधारण ९८ टक्के स्निग्धांश ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतो. ग्लिसरॉलच्या दांडीला तीन खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक मेदाम्ल टांगलेलं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. प्रयोगशाळेत ही टांगलेली मेदाम्लं सोडवून, गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातून एकेक वेगळं करून मोजतात. रिपोर्टमधली टक्केवारी ही दुधाची नसते, दुधातल्या एकूण मेदाम्लांची असते. त्यामुळे तिथं एखादा आकडा मोठा दिसला म्हणून ते दूध जास्त सायीचं, असं ठरत नाही. बहुतेकांची गफलत इथंच होते.

मोठे मानकरी तीन-चारच. ओलेइक सगळ्यात जास्त, साधारण ३० ते ४० टक्के. शेंगदाण्यात, तिळात, आपल्या स्वतःच्या शरीरातल्या चरबीतही तेच भरपूर. पामिटिक २० ते २५ टक्के. लिनोलेइक हे सगळ्यात चंचल, कुठं १० तर कुठं २० टक्क्यांच्याही वर, आणि ते तेलावर ठरतं. मग लॉरिक आणि मायरिस्टिक. त्याखाली अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे जवस-अळीवातलं ओमेगा-३, एक टक्क्याच्या आसपास. आणि अगदी तळाला दशांश चिन्हानंतरची मंडळी: ॲराकिडोनिक आम्ल अर्धा टक्का आणि ज्याच्यावरून हे पत्र लिहिलं गेलं ते डीएचए, म्हणजे माशांत असतं ते ओमेगा-३.

पामिटिकबद्दल थोडं सांगायचा मोह आवरत नाही. आईच्या दुधात साठ-सत्तर टक्के पामिटिक मधल्या खुंटीवर बसलेलं असतं. वनस्पती तेलांत ते कडेच्या खुंट्यांवर असतं. पचनात कडेची दोन मेदाम्लं आधी कापली जातात, मधलं तसंच खुंटीसकट शोषलं जातं. कडेचं पामिटिक सुटं झालं की आतड्यात कॅल्शियमशी गाठ पडून त्याचा साबण होतो. मग मेदही वाया, कॅल्शियमही वाया, आणि शी घट्ट. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मऊ, पिवळी, सैल असते आणि पाम तेलाच्या पावडरच्या दुधावरच्या बाळाला कुंथावं लागतं, त्याचं एक कारण हे. एकाच मेदाम्लाची जागा बदलली तर एवढा फरक पडतो. हे कुठल्याही रिपोर्टच्या रकान्यात दिसत नाही.

ही मेदाम्लं दुधात येतात तीन वाटांनी. काही स्तनातल्या पेशी स्वतः तयार करतात. लॉरिक, मायरिस्टिकसारखी मध्यम लांबीची ही त्यांची खासियत, आणि आईच्या जेवणात तेल-तूप कमी, भात-भाकरी जास्त असेल तर ही जास्त बनतात. काही आईच्या अंगावरच्या साठ्यातून येतात. आणि काही कालच्या-परवाच्या जेवणातून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९५९ सालीच हे दाखवून दिलं. आईला कमी उष्मांकाचा आहार दिला तेव्हा दुधातला मेद तिच्या अंगच्या चरबीसारखा दिसू लागला. मेद जवळजवळ काढून कर्बोदकं दिली तेव्हा लॉरिक-मायरिस्टिक वाढलं. मक्याचं तेल दिलं तेव्हा लिनोलेइक भराभर चढलं.

साठा मोठा असतो हे तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं. दुधातल्या लिनोलेइकपैकी साधारण तिसराच हिस्सा त्या दिवसांच्या जेवणातून थेट येतो, बाकीचा अंगातून. म्हणजे एका दिवशी पोहे-चहावर राहिलात तर दूध बिघडत नाही, आणि एका दिवशी बदाम खाल्ले म्हणून ते सुधारत नाही. पण ताट रोज तेच असेल तर महिन्यां-वर्षांत साठाही तसाच होतो.

ताटातलं किती लवकर उतरतं, याचाही माग काढलेला आहे. ओरेगॉनमध्ये १९९८ साली आयांना वेगवेगळ्या तेलांचं एकेक पेय देऊन दूध तपासलं. खोबरेल, करडई, मोहरीच्या जातीतलं कॅनोला, माशाचं तेल, प्रत्येकाची खूण दुधात सहा तासांच्या आत दिसली, साधारण दहा ते चोवीस तासांत शिखराला पोहोचली आणि मग ओसरत गेली. तुमच्या नणंदेनं नमुना पाठवायच्या आदल्या रात्री सामन मासा खाल्ला असेल तर तिचं ०.५ हे त्या रात्रीचं ०.५. आठवडाभर डाळ-भात खाऊन पाठवला असता तर आकडा वेगळा आला असता. रंग हिरवा की लाल, हे त्या एका दिवसाचं आहे.

म्हणून दूध तपासायच्या भानगडीत पडू नका. त्या आकड्यावरून तुम्ही जे कराल ते आकड्याशिवायही करता येतं.

काय करता येतं, तर सगळ्यात आधी तेलाचा डबा बघा. डीएचएच्या गोळीवर चर्चा होते आणि ओट्याखालच्या पाच लिटरच्या डब्याकडे कुणी बघत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेइक असतं, करडईत तर सत्तर टक्क्यांच्या पुढं. लिनोलेइक वाईट नाही. ते शरीराला बनवता येत नाही, बाळाला हवंच. पण जवस-अळीवातल्या ओमेगा-३ पासून डीएचए बनवणारं एन्झाइम आणि लिनोलेइकवर काम करणारं एन्झाइम एकच आहे. लिनोलेइकची गर्दी झाली की ओमेगा-३ चा नंबर लागत नाही. अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून सोयाबीन-मक्याची तेलं घरोघरी आली आणि तिथल्या आयांच्या दुधातलं लिनोलेइक साधारण दुप्पट झालं. तुमच्या नणंदेचा लाल रकाना हा एकट्या तिच्या चुकीचा नाही, तिथल्या बाजाराचा आहे. आपल्याकडे रिफाइंड सूर्यफूल आलं तेव्हापासून आपणही त्याच रस्त्यावर आहोत.

तुम्ही सांगलीच्या. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल तुमच्याकडे मिळतं. फोडणीला ते ठेवा. शेंगदाण्यात ओलेइक जास्त, लिनोलेइक तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मात्र त्यात ओमेगा-३ जवळजवळ नाही, तेव्हा ते दुसरीकडून आणायचं. जवसाची चटणी रोज दोन चमचे. जवस भाजून नीट कुटायचे, आख्खे गेले तर आख्खेच बाहेर पडतात. अळिवाची खीर किंवा ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू तर तुमच्या सासूबाई तुम्हाला सांगायच्या आधी करतील. अळिवाच्या तेलात सुमारे तिसरा हिस्सा हेच ओमेगा-३ असतं. आणि नारळातलं लॉरिक पुढच्या काही तासांत दुधात उतरतं ते वेगळंच. बाळंतिणीचा हा खाऊ ज्या कुणी ठरवला, तिला मेदाम्लांचं नाव माहीत नव्हतं, पण निवड चुकलेली नाही.

अडाणीपणा मी म्हणेन तो दुसऱ्या गोष्टीला, चहाबरोबर रोजच्या खारीला आणि बटरला. वनस्पती तुपातला ट्रान्स मेद, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारा मेद, आईच्या दुधात सरळ उतरतो. कॅनडात १९९० च्या दशकात आयांच्या दुधातल्या मेदाम्लांपैकी सरासरी ७ टक्के ट्रान्स निघाली होती. वेष्टनावर ट्रान्स मेद छापण्याची सक्ती झाली, कंपन्यांनी पदार्थ बदलले आणि २०११ पर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. एकाही आईला पथ्य न सांगता. आपल्याकडे एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगलंच. पण सुट्या बेकरी मालाच्या कागदावर काहीच छापलेलं नसतं. पाजताय तोवर खारीऐवजी शेंगदाणा-गूळ घ्या.

आता डीएचए. तुमच्या दुधात ते ‘नसेलच का’ असं विचारलंत. असणार. शरीर ओमेगा-३ पासून थोडं बनवतं, साठ्यातून थोडं सोडतं. अगदी वीगन, म्हणजे दूधदुभतंही न खाणाऱ्या, आयांच्या दुधातही ते सापडतं, फक्त मासे खाणाऱ्यांपेक्षा कमी. जगभरच्या ६५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००७ साली जो आढावा निघाला त्यात सरासरी ०.३२ टक्के आली. पण विस्तार ०.०६ पासून १.४ पर्यंत. वरच्या टोकाला समुद्राकाठी राहून मासे खाणारे लोक. गंमत म्हणजे ॲराकिडोनिकमध्ये असा विस्तार नव्हता. ते बहुतेक ठिकाणी ०.४७ च्या जवळपासच. म्हणजे शरीर ते सांभाळून ठेवतं आणि डीएचएच्या बाबतीत मात्र ताटावर अवलंबून राहतं.

हिशेब मांडून बघू, म्हणजे भीती आटोक्यात येईल. मुलगी दिवसाला ७५० मिली पिते असं धरू, त्यात ४ टक्के स्निग्धांश, म्हणजे रोज ३० ग्रॅम मेद. त्यातलं ०.३ टक्के म्हणजे ९० मिलिग्रॅम डीएचए. नणंदेच्या आकड्यानं १५०. तुमचं निम्मं, ०.१५ धरलं तरी ४५. फरक आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. शाकाहारी आईच्या दुधात खरोखर कमी पडू शकणारी मेदाम्लांपैकी गोष्ट असेल तर ती एवढी एकच.

आणि इथं जवस पुरेसं नाही, हेही सांगायला हवं. पाजणाऱ्या आयांना चार आठवडे रोज २० ग्रॅम जवसाचं तेल देऊन बघितलं तेव्हा दुधातलं अल्फा-लिनोलेनिक छान वाढलं, डीएचए हललं नाही. जवस खा, ते इतर कारणांनी उपयोगी आहे, पण ‘जवस म्हणजे शाकाहाऱ्यांचा मासा’ हे दुकानातलं वाक्य सोडून द्या. डीएचए थेट घेतलं तरच दुधात वाढतं.

मग गोळी घ्यायची का? आंतरराष्ट्रीय शिफारस पाजणाऱ्या आईनं रोज निदान २०० मिलिग्रॅम डीएचए घ्यावं अशी आहे. मासा न खाणारीला ते ताटातून मिळत नाही. तेव्हा घ्यायची असेल तर घ्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण कशासाठी घेताय ते स्पष्ट असू द्या. आईला डीएचए दिल्यानं मूल हुशार होतं, असं प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात ठामपणे दिसलेलं नाही. डब्यावरचं मेंदूचं चित्र विक्रीसाठी असतं. मी स्वतः शाकाहारी आईला गोळी सुचवते ती उणीव भरून काढण्यापुरती, बुद्ध्यांकाच्या आशेनं नाही. आणि महिन्याच्या खर्चात ती जड जात असेल तर तेवढ्याच पैशांत डाळ, दूध, भाजी घेतलेली मला जास्त आवडेल.

घेणार असाल तर डबा हातात घेऊन तीन गोष्टी वाचा. डीएचए शेवाळापासूनचं आहे का. माशांनाही ते शेवाळातूनच मिळतं, त्यामुळे शाकाहाऱ्यानं मधला मासा गाळला तरी चालतं. दुसरं, कॅप्सूलचं वेष्टण. आतलं तेल शेवाळाचं आणि बाहेरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं, असं सर्रास असतं. हिरवा ठिपका बघा आणि घटकांच्या यादीत जिलेटिन नाही ना ते बघा. तिसरं, ‘ओमेगा-३ ५०० मिलिग्रॅम’ असं मोठ्या अक्षरांत असलं तरी त्यात डीएचए किती ते मागच्या बाजूला बारीक छापलेलं असतं. तोच आकडा धरायचा.

तुमच्या नणंदेसारख्या मासे खाणाऱ्या वाचक इथं असतील, त्यांच्यासाठी जाता जाता: बांगडा आणि तारली. स्वस्त, तेलकट आणि छोटे मासे, त्यामुळे पाऱ्याची भीतीही कमी. कोकणात बाळंतिणीला मोरी द्यायची पद्धत आहे, दूध येतं म्हणून. मोरी म्हणजे शार्क, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. पाजणाऱ्या आईनं ती टाळलेली बरी.

राहिला साबणाचा वास. तुमचं दूध खराब झालेलं नाही. आईच्या दुधात मेद फोडणारी लायपेज नावाची एन्झाइम्स असतात, आणि ती फार उपयोगी असतात, कारण बाळाचं स्वतःचं पचन अजून कच्चं असतं. दूध साठवलं की ही एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात, खुंट्यांवरची मेदाम्लं सुटी होतात. सुट्या मेदाम्लांना हा वास असतो. काही जणींच्या दुधात तो लवकर येतो, काहींच्या उशिरा. नासलेल्या दुधाचा आंबट, नकोसा वास वेगळा, तो तुम्ही ओळखालच. बहुतेक बाळं साबणाचा वास मनावर घेत नाहीत. तेव्हा आधी मुलीला चमच्या-वाटीनं थोडं देऊन बघा. प्यायली तर प्रश्न संपला.

नाही प्यायली तर काढलेलं ताजं दूध गोठवण्याआधी पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका, आणि लगेच गार पाण्यात पातेलं ठेवून थंड करून फ्रीझरमध्ये टाका. एन्झाइम थांबतात, वास येत नाही. आधीच वास धरलेल्या दुधाला याचा उपयोग नाही. आणि तापवल्यानं दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून सरसकट करू नका, मुलीनं तोंड फिरवलं तरच.

फ्रिजमध्ये दूध चार दिवसांपर्यंत चालतं. बाहेर चार तास सांगतात ते थंड हवेच्या खोलीतले, सांगलीच्या एप्रिल-मेमधले नव्हेत. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पिशवीत आणा. देताना बाटली गरम पाण्यात धरा आणि हलकेच गोल फिरवा, म्हणजे वर आलेली साय परत मिसळेल. ती बाटलीच्या भिंतीला चिकटून राहिली आणि धुताना गेली, तर तुमच्या मुलीच्या वाट्याच्या कॅलरी मोरीत जातात. पाळणाघरातल्या बाईंना किंवा सासूबाईंना, जे पाजणार असतील त्यांना, एवढं मात्र करून दाखवा.